रंगाची पासबुके

1980 साली मी बँकेच्या दादर शाखेत काउंटरवर होतो. लालबागला खानावळ चालवणाऱ्या एका बाई दोन मुलींच्या नावाने आवर्ती ठेवी उघडायला आल्या. थोरलीच्या नावे दरमहा 20 रुपये, धाकटीच्या नावे 40. धाकटीला दुप्पट का, असे मी सहज विचारले. बाई म्हणाल्या, ‘‘ती काळी हाय ना, साहेब. जास्ती लागतील.’’

मी दोन पासबुके लिहून दिली. व्याजाचा दर मात्र दोघींना सारखाच होता.

गोरेपणाचे वेड इंग्रजांनी आणले, असे सांगून मोकळे व्हायची आपल्याला सवय आहे. ते पुरते खरे नाही. चीन काही सबंध इंग्रजांच्या ताब्यात नव्हता. तरी गोरेपणा पुष्कळ वैगुण्ये झाकतो, अशा अर्थाची म्हण तिथे आहे. उन्हात राबणारी काळवंडते, सावलीतली गोरी राहते. म्हणजे गोरी ती खात्यापित्या घरची, हा त्यामागचा हिशेब. चिंगदाओच्या समुद्रकिनाऱ्यावर काही बायका उन्हापासून बचाव म्हणून चेहराभर कापडी मुखवटा चढवून पोहतात.

युरोपातही एके काळी हाच हिशेब होता. पुढे शेतमजूर कारखान्याच्या छपराखाली गेला आणि फिकट कातडी कामगाराची ठरली. मग 1920 च्या दशकापासून, सुट्टीत ऊन खाऊन आलेली तांबूस कातडी ही ऐपतीची खूण झाली.

या न्यायाने आपल्या गिरणगावातही हिशेब फिरायला हवा होता. कोकणातला, घाटावरचा शेतकरी परळ-लालबागच्या गिरण्यांत, छपराखालीच आला की! पण सून गोरीच हवी, हे काही सुटले नाही. कारण रंगावरून आपण नुसते कष्ट वाचत नाही. जात आणि घराणेही वाचतो.

गिरगावातल्या आमच्या चाळीत वेगळे काय होते? माझी बहीण सावळी. पाहायला येणाऱ्यांना आई मुद्दाम दिवेलागणीची वेळ देई. बल्बच्या पिवळ्या उजेडात ती उजळ दिसते, असा तिचा समज. त्याच भिंतीवर सावळा विठोबा होता. त्याला आई भरदिवसा हात जोडी. शेजारच्या बिऱ्हाडात टीव्हीवर स्मिता पाटील बातम्या वाचू लागे, तेव्हा सगळ्या बायका तिच्या डोळ्यांवरून जीव ओवाळून टाकत आणि परतताना बहिणीकडे पाहून म्हणत, ‘‘जरा उजळ असती, तर!’’

1975 साली बाजारात आलेल्या ‘फेअर अँड लव्हली’च्या नावातला ‘फेअर’ 2020 साली गेला. लग्न जुळवणाऱ्या एका संकेतस्थळानेही त्याच वर्षी रंगाची चाळणी काढून टाकली. बरे झाले. पण चाळणी संगणकातून काढणे सोपे असते.

ती धाकटी आज पन्नाशीच्या पुढे असेल. त्या दिवशी मी तिच्या आईला काहीच बोललो नाही. बोलणार तरी कोणत्या तोंडाने? माझ्या पहिल्या पगारातून आईने बहिणीसाठी एक बांगडी जादा करून घेतली होती. कशासाठी, ते मला ठाऊक होते. म्हणूनच मी विचारले नव्हते.