आभासी दुनियेत एक सहल

मोठ्या शहरांतल्या मॉलमध्ये आता 'व्हीआर झोन' नावाची ठिकाणे जागोजाग दिसतात. मुले मित्राच्या वाढदिवसाला तिथे जाऊन येतात आणि दुसऱ्या दिवशी वर्गात त्याच्या गोष्टी सांगतात. घरातल्या मोठ्यांना मात्र आत नेमके काय चालते याची कल्पना नसते. डोळ्यांवर काळा डबा बांधून हवेत हात मारणारा मुलगा पाहून कुणी हसते, तर कुणी "पोरांना बिघडवायचे नवे धंदे" म्हणून पुढे निघून जाते.

यंदा दिवाळीच्या सुट्टीआधी आमच्या उर्दू हायस्कूलच्या विज्ञान मंडळाची सहल साताऱ्याहून पुण्यातल्या अशाच एका ठिकाणी गेली. नववीची २२ मुले-मुली, आम्ही चार शिक्षक, पाच माता आणि एका विद्यार्थ्याची दादी. तिथे काय पाहिले, काय आवडले, कशाची काळजी घ्यावी लागली, हे वाचक पालकांपुढे ठेवावेसे वाटते.

आधी परवानगीचा प्रश्न

सहलीचे पत्रक घरोघर गेले. नऊ मुलांच्या सह्या दुसऱ्याच दिवशी आल्या. मंडळातल्या १४ मुलींपैकी मात्र फक्त सहा जणींची पत्रके परत आली. बाकीच्या गप्प होत्या.

शनिवारी शाळा सुटल्यावर आम्ही मुलींच्या मातांना बोलावले. त्यांचे प्रश्न अगदी सरळ होते. आत अंधार असतो का? मुले-मुली एकत्र असतात का? डोळे झाकलेले असताना जवळ कोण उभे असते? आणि सगळ्यांत मोठा प्रश्न, तो डबा मुलींच्या डोक्याला बांधणार कोण? एक माता म्हणाल्या, "मॅडम, आमच्याच घरात माझी मुलगी आणि पुतण्या एका वर्गात आहेत. पुतण्याच्या कागदावर त्याच्या अब्बांनी न वाचता सही केली. मुलीचा कागद तीन दिवस कपाटावर पडून आहे."

त्यांचे म्हणणे खरे होते. हे प्रश्न मुलांच्या बाबतीतही विचारायला हवे होते. आम्ही ठरवले की आधी आपल्यापैकी दोघांनी जाऊन जागा पाहायची, मगच पुढचे बोलायचे. आणि ज्या मातांना यायचे असेल त्यांनी सोबत यायचे.

जागा पाहताना

आमच्या मनात राजकोट होते. २५ मे २०२४ रोजी तिथल्या एका गेमिंग झोनला आग लागली आणि २७ जणांचा जीव गेला. त्यांत लहान मुलेही होती. त्या जागेकडे अग्निशमन विभागाचा ना-हरकत दाखला नव्हता. सुट्टीच्या दिवशी मजा करायला गेलेली कुटुंबे घरी परतली नाहीत. म्हणून आम्ही खेळांची यादी मागण्याआधी बाहेर पडण्याचे रस्ते विचारले.

पहिल्या ठिकाणी दुसरा दरवाजा होता, पण त्यापुढे खुर्च्यांची थप्पी रचलेली. आम्ही तिथूनच परतलो. दुसऱ्या ठिकाणी दोन्ही दरवाजे मोकळे होते, अग्निशामक नळकांड्यांवरची तारीख चालू वर्षाची होती आणि मॅनेजरने दाखला न कुरकुरता दाखवला. आत अंधार नव्हता, दिव्यांचा लख्ख प्रकाश होता. जमिनीवर रंगीत पट्ट्यांनी चौकोन आखलेले होते आणि एका चौकोनात एकच जण खेळतो. तिथे काम करणाऱ्यांत एक मुलगीही होती. तिच्याकडून आमच्या दोन शिक्षिकांनी हेडसेटचा पट्टा कसा सैल करायचा, मागची चकती फिरवून कसा आवळायचा, हे शिकून घेतले. मुलींना हेडसेट आपल्या आपाच बांधतील, हे कळल्यावर १३ मुलींची पत्रके सही होऊन आली. चौदाव्या मुलीच्या घरून नकारच आला. आम्ही तो मान्य केला. तिला वर्गातल्या तयारीत मात्र पूर्ण सामील करून घेतले.

वर्गात इब्न अल-हैथम

नववीच्या विज्ञानात आरसे आणि परावर्तन असते, दहावीत भिंगे येतात. त्यामुळे सहलीआधीचे दोन तास आम्ही डोळ्यांवर घेतले.

सुरुवात इब्न अल-हैथम यांच्यापासून केली. त्यांचा जन्म सन ९६५च्या सुमारास बसरा येथे झाला आणि आयुष्याचा मोठा काळ कैरोत गेला. डोळ्यांतून किरण बाहेर पडतात आणि ते वस्तूला भिडले की ती दिसते, असे त्या काळी अनेक विद्वान मानत. इब्न अल-हैथम यांनी अंधाऱ्या खोलीतले प्रयोग आणि तर्क यांच्या आधारे मांडले की प्रकाश वस्तूकडून डोळ्यात येतो. 'किताब अल-मनाज़िर' हा त्यांचा ग्रंथ पुढे लॅटिनमध्ये गेला आणि युरोपातले अभ्यासक तो शतकानुशतके वाचत राहिले. त्यांची आणखी एक गोष्ट आमच्या सहलीसाठी फार उपयोगी होती. पाहण्याचे काम फक्त डोळा करत नाही; आलेल्या प्रकाशावरून मन निष्कर्ष काढते आणि त्यात फसगतही होऊ शकते, असे त्यांनी दाखवले.

मग मुलांना अंगठा समोर धरून एकदा डावा, एकदा उजवा डोळा मिटायला सांगितले. अंगठा जागचा हलल्यासारखा दिसतो. कारण दोन डोळ्यांत काही सेंटिमीटरचे अंतर असते आणि प्रत्येकाला चित्र थोडे वेगळे दिसते. मेंदू ही दोन चित्रे जुळवतो आणि खोली जाणवते. इंग्लंडचे चार्ल्स व्हीटस्टोन यांनी १८३८ मध्ये याच तत्त्वावर दोन चित्रांतून एक उठावदार चित्र दाखवणारे उपकरण जगापुढे मांडले. १९६८ मध्ये अमेरिकेत आयव्हन सदरलँड यांनी डोक्यावर लावायचा पडदा बनवला. तो इतका जड होता की छताला टांगावा लागे. आजच्या हेडसेटमध्ये दोन भिंगे, त्यांमागे पडदा आणि मान कुठे वळली हे ओळखणारी छोटी यंत्रे असतात. तसलीच यंत्रे आपल्या मोबाइलमध्येही असतात. मान वळली की क्षणात चित्रही वळते, म्हणून मन फसते.

फळीवर उभे राहिल्यावर

पुण्यात पोहोचल्यावर आम्ही सहा-सहांचे गट केले. प्रत्येक हेडसेट पुसून घेतला जात होता आणि चेहऱ्याला लागू नये म्हणून कागदी मुखपट्टी मिळत होती. स्कार्फवरून पट्टा नीट बसतो, फक्त टाचण्या आधी काढाव्या लागतात. मुलींनी आत टोपी घालून स्कार्फ गुंडाळून घेतले आणि प्रश्न मिटला. चष्मा असलेल्यांना वेगळा, रुंद हेडसेट मिळाला.

सर्वांत जास्त गाजली ती उंच इमारतीवरची फळी. खेळात आपण लिफ्टने कितीतरी मजले वर जातो, दार उघडते आणि समोर हवेत निघालेली एक लाकडी फळी असते. खरी फळी खोलीच्या जमिनीवर ठेवलेली असते, जेमतेम एक-दोन इंच उंच. बाजूला उभे असणाऱ्यांना हे दिसत असते. तरीही वर्गात सगळ्यांत दांडगा असलेला मुलगा फळीच्या मध्यावर गुडघे टेकून बसला आणि "सर, हात द्या" म्हणू लागला. त्याच्यानंतर आली ती वर्गात तोंड उघडून न बोलणारी एक मुलगी. ती टोकापर्यंत गेली, खाली वाकून पाहिले आणि शांतपणे मागे फिरली. तिची अम्मी बाहेरच्या पडद्यावर तेच दृश्य पाहत होती आणि तिचीच बोटे तोंडात गेली होती. फळी जमिनीवर आहे हे मुलाला माहीत होते, पण पाय ऐकत नव्हते. वर्गात जे शिकवले ते मुलांनी इथे अंगावर अनुभवले.

काही जणांनी समुद्राच्या तळाशी उभे राहून शेजारून जाणारा देवमासा पाहिला. एकाने तर त्याला सलामही केला. काहींनी अंतराळ स्थानकाबाहेर तरंगून पाहिले. आणखीही खेळ होते. प्रेते उठून चालून येतात आणि त्यांना गोळ्या घालायच्या, असा एक खेळ काउंटरवरचा मुलगा आग्रहाने पुढे करत होता. आम्ही यादी आधीच ठरवली होती, त्यामुळे तो विषय तिथेच थांबला. एरवी मुले एकटी गेली की हाच खेळ पहिल्यांदा हातात पडतो, हे पालकांनी ध्यानात ठेवावे.

दोन मुलींना अर्ध्या तासातच मळमळू लागले. याचे कारण साधे आहे. डोळे सांगतात की आपण चाललो आहोत, कानाच्या आतले तोल सांभाळणारे इंद्रिय सांगते की आपण उभे आहोत. या ओढाताणीत जीव कासावीस होतो. हेडसेट काढून, दूरच्या भिंतीकडे पाहत थोडा वेळ बसल्यावर दोघींना बरे वाटले.

ज़ुहरची वेळ झाली तेव्हा मुले आणि सर जवळच्या मशिदीत गेले. मुली आणि मातांसाठी मॅनेजरने वाढदिवसाच्या पार्टीची खोली उघडून दिली. फुग्यांची माळ बाजूला सारून, मोबाइलवर किबला पाहून नमाज झाली.

दादींचा सवाल

दादींना आम्ही सोबतीला म्हणून आणले होते. नातवाने हट्ट धरला की दादीनेही पाहावे. झोनमधल्या मुलीने मस्जिद-ए-हरामचा चारही बाजूंनी फिरवून पाहता येईल असा व्हिडिओ लावला. दादी खुर्चीवर बसल्या. थोडा वेळ काहीच बोलल्या नाहीत, फक्त ओठ हलत होते. त्या काही वर्षांपूर्वी उमरा करून आल्या आहेत. मग मान वळवत म्हणाल्या, "तोच सहन आहे. पण एवढी गर्दी चाललीय, आणि मला धक्का कुणाचाच लागत नाही."

परतीच्या बसमध्ये मुलांनी हाच धागा धरला. असे घरबसल्या तवाफ केले तर चालेल का? सौदी अरेबियात डिसेंबर २०२१ मध्ये हजर-ए-अस्वद आभासी रूपात दाखवणारा उपक्रम सुरू झाला. त्यानंतर काही आठवड्यांतच तुर्कस्तानच्या धार्मिक व्यवहार खात्याने खुलासा केला की अशी भेट म्हणजे हज नव्हे. आमच्या सरांनी समजावले की हज ही शरीराने आणि मालाने करायची इबादत आहे. प्रवास, थकवा, खर्च, गर्दीतला संयम हे सगळे तिच्यात येते. व्हिडिओ पाहून जायची ओढ वाढू शकते, जाणाऱ्याला रस्ते ओळखीचे होऊ शकतात. ती इबादत मात्र पूर्ण होत नाही. एका मुलीने लगेच म्हटले, "म्हणजे दादींना धक्का लागला नाही, हाच फरक." आम्हाला आणखी काही सांगावे लागले नाही.

पालकांनी लक्षात ठेवावे असे

आमच्या अनुभवातून काही गोष्टी सांगाव्याशा वाटतात.

• आधी जागा स्वतः पाहा. बाहेर पडायचे दोन मोकळे रस्ते, चालू मुदतीची अग्निशामक नळकांडी आणि अग्निशमन दाखला नसेल तर परत फिरा.

• वय पाहा. सोनी कंपनीने आपला हेडसेट १२ वर्षांखालील मुलांसाठी नाही असे सांगितले आहे. मेटा कंपनीने २०२३ मध्ये किमान वय १३ वरून १० वर आणले, पण तेही पालकांच्या देखरेखीखालील खात्यासह. धाकट्यांना "थोडा वेळ बघू दे" म्हणून बांधू नका.

• फिट येणाऱ्या मुलांना डॉक्टरांना विचारल्याशिवाय नेऊ नका. चमकणारे दिवे त्यांना त्रास देऊ शकतात.

• भरल्या पोटी लगेच खेळू देऊ नका. दर १०-१५ मिनिटांनी हेडसेट काढायला लावा. शरीराचा आणि डोळ्यांचाही आपल्यावर हक्क आहे, ही पैगंबर मुहम्मद (स.) यांची शिकवण इथेही लागू होते.

• खेळांची यादी घरीच ठरवा. काउंटरवर उभे राहून ठरवायला गेलात तर मुलाचा हट्ट आणि दुकानदाराचा आग्रह दोन्ही एकदम समोर येतात.

• खर्च ठरवून जा. आम्हाला आठवड्यातल्या मधल्या दिवशी गटाचा दर मिळाला. शनिवार-रविवारी तोच खेळ जवळजवळ दीडपट पडतो.

• एकदा स्वतः हेडसेट घालून पाहा. बाहेरच्या पडद्यावर दिसते त्यापेक्षा आतले दृश्य कितीतरी जास्त खरे वाटते. मुलगा का घाबरला, का रमला, हे त्याशिवाय कळत नाही.

हेडसेट चढवला की प्रत्येक जण एकटा असतो. शेजारी २१ सोबती उभे असले तरी एकही दिसत नाही. म्हणूनच बाहेर विश्वासातला माणूस उभा असणे महत्त्वाचे आहे. फळीवर बसलेल्या त्या मुलाने "हात द्या" म्हटले तेव्हा त्याला सर दिसत नव्हते, पण ते जवळ आहेत याची खात्री होती. आमची मुले अशा ठिकाणी जाणार आहेत, आज ना उद्या, आपल्यासोबत किंवा आपल्याशिवाय. मुलगा असो वा मुलगी, पहिल्यांदा जाताना घरचे कुणीतरी त्या चौकोनाच्या कडेला उभे असावे. अल्लाह आपल्या मुलांना चांगले-वाईट पारखण्याची समज देवो. आमीन.