पागोळीचे पाणी आणि परसबाग

रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाकाठी सरासरी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो व त्यातील बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. तरीही चैत्र उजाडला की अनेक वाड्यांतील स्त्रियांना हंडा-कळशी घेऊन दूरच्या विहिरीची वाट धरावी लागते. याचे कारण पायाखालच्या जांभ्या खडकात आहे. सच्छिद्र जांभ्यात मुरलेले पाणी फार काळ ठरत नाही. ते उतारावरील झऱ्यांवाटे वहाळात व तेथून खाडीत जाते. खाडीकाठच्या काही विहिरींचे पाणी तर उन्हाळ्यात मचूळ होते.

टंचाईचा पहिला घाव परसबागेवर पडतो. माणसांची व गुरांची तहान आधी भागविणे क्रमप्राप्तच आहे. त्यात वैशाखात मुंबईची चाकरमानी मंडळी गावी आली की पाण्याचा खर्च आणखी वाढतो. परिणामी घर भरलेले असते त्याच दिवसांत घाटावरून आलेली भाजी विकत घ्यावी लागते आणि हौसेने लावलेली नारळाची रोपे व आंब्याची कलमे दुसरा उन्हाळा पाहत नाहीत.

वास्तविक घराचे छप्परच पाण्याचे मोठे साधन आहे. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला तर एक लिटर पाणी मिळते. ज्या घराच्या छपराने चाळीस चौरस मीटर जमीन झाकली आहे, त्यावर तीन हजार मिलिमीटर पावसात १,२०,००० लिटर पाणी पडते. शिंतोडे व गळती यांत पाचवा हिस्सा गेला असे धरले तरी ९६,००० लिटर उरते. म्हणजे उणीव पाण्याची नाही, साठवणीची आहे.

वीस चौरस मीटरच्या भाजीच्या वाफ्यांना रोज चौरस मीटरमागे पाच लिटर धरल्यास शंभर लिटर पाणी लागते. फेब्रुवारीच्या उत्तरार्धापासून मेअखेरपर्यंतच्या शंभर दिवसांसाठी ही गरज दहा हजार लिटर होते. अडीच मीटर लांब, दोन मीटर रुंद व दोन मीटर पाण्याची खोली असलेली चिरेबंदी, आतून सिमेंटचा गिलावा केलेली टाकी तेवढे पाणी धरते. हा खर्च प्रत्येकास झेपेलच असे नाही. ज्यास तो झेपत नाही त्याने भाजीचा हव्यास तूर्त सोडून कलमे जगवावीत, हे अधिक शहाणपणाचे. दहा कलमांना आठवड्यास प्रत्येकी दहा लिटर दिले तर पंधरा आठवड्यांत दीड हजार लिटरच पाणी लागते. कलमाजवळ मातीचे मडके पुरून त्यात पाणी भरल्यास ते मुळांशी सावकाश झिरपते. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाने (स्थापना १९७२) प्रसारित केलेले ‘कोकण जलकुंड’ही कलमांसाठी उपयोगी आहे, त्यात खड्ड्यास प्लास्टिकचा कागद अंथरून पावसाचे पाणी साठवितात.

पागोळीखाली पत्र्याचा किंवा प्लास्टिकचा पन्हळ किंचित उतार देऊन बसवावा. पोफळीचे खोड चिरून केलेला पन्हळही चालतो, मात्र तो लवकर कुजतो. मृगाच्या पहिल्या सरींचे पाणी टाकीत घेऊ नये; त्यात पालापाचोळा, धूळ व पक्ष्यांची विष्ठा असते. नळाच्या तोंडाशी जाळी हवी. टाकी झाकलेली असणे अगत्याचे आहे, कारण ऑक्टोबर ते मे या काळात उघड्या टाकीतील पाण्याची पातळी केवळ बाष्पीभवनाने अदमासे एक मीटर खाली जाते; शिवाय डासांची पैदास होते ती निराळीच. झाकण शक्य नसेल तेथे गप्पी मासे सोडावेत.

टाकी जुलैतच भरून वाहू लागते. हे वाहते पाणी विहिरीजवळच्या शोषखड्ड्यात सोडणे चांगले, परंतु जांभ्याचा स्वभाव पाहता त्यावर विसंबून टाकी टाळू नये. परतीचा पाऊस संपेपर्यंत टाकी काठोकाठ राखावी आणि विहिरीत पाणी आहे तोवर तिला हात लावू नये. केळी व अळू यांस न्हाणीचे व भांडी धुतलेले पाणी पुरते. त्यांच्यावर टाकीचे पाणी खर्ची घालण्याचे कारण नाही. वाफ्यांस सायंकाळी पाणी द्यावे, आळ्यांत भाताचा पेंढा अथवा सुके गवत चार बोटे जाडीचे पसरावे, आणि वाळवी दिसल्यास ते खोडापासून वीतभर दूर सारावे.