बोबड्या बोलांतलें व्याकरण

अडीच-तीन वर्षांचें मूल 'बाबांनीं चहा करला' असें म्हणालें कीं घरांतील मंडळी कौतुकानें हंसतात, आणि एखादी शिस्तप्रिय आत्या 'करला नव्हे, केला म्हण' अशी तत्काळ दुरुस्तीहि करते. हंसण्यास हरकत नाहीं. परंतु या 'करला'कडे जरा निरखून पाहिलें पाहिजे. हा शब्द त्या मुलानें ऐकला कोठें? आई, बाप, आजी, आजोबा यांपैकीं कोणीच तो उच्चारीत नाहीं. मग तो आला कोठून?

मुलाच्या कानांवर धरला, भरला, हरला, उतरला, विसरला असे शब्द पडत होते. धातूला 'ला' जोडला म्हणजे होऊन गेलेल्या गोष्टीचें रूप तयार होतें, हें त्यानें कोणी न शिकवितां ताडलें आणि तोच नियम 'कर' या धातूस लावला. 'मरला' या रूपाची कथाहि हीच. 'केला' आणि 'मेला' हीं वांकडीं रूपें प्राकृतांतून वारशानें आपल्याकडे आलीं, त्यांत त्या बिचाऱ्याचा काय दोष? पोपट ऐकलेलें तेवढेंच बोलतो; 'करला' म्हणणारा पोपट मिळावयाचा नाहीं.

भाषा म्हणजे निव्वळ अनुकरण आणि सवय, असें एके काळीं पुष्कळ विद्वान मानीत. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ स्किनर यांनीं १९५७ सालीं याच धर्तीचा मोठा ग्रंथ लिहिला, आणि १९५९ सालीं नोम चॉम्स्की यांनीं त्यावर कठोर परीक्षण लिहून ही कल्पना मुळापासून हालविली. मला मात्र या वादापेक्षां, त्याच सुमारास, १९५८ सालीं, जीन बर्को या विदुषीनें प्रसिद्ध केलेला एक साधा प्रयोग अधिक बोलका वाटतो. तिनें चार ते सात वर्षांच्या मुलांना पक्ष्यासारख्या एका प्राण्याचें चित्र दाखवून 'हा वग' असें सांगितलें. मग तसेच दोन प्राणी दाखविले आणि 'हे दोन...' म्हणून वाक्य अर्धवट सोडलें. मुलांनीं 'वग्ज' म्हणून तें पुरें केलें. हा शब्द त्यांनीं ऐकलेला असणें शक्यच नव्हतें, कारण तो बाईंनीं स्वतःच बनविलेला होता. आपणहि घरीं हा खेळ करून पाहावा. कागदावर एक वेडावांकडा प्राणी काढून 'हा टिंगा' असें सांगावें, शेजारीं दुसरा काढून 'आतां हे दोन...' म्हणावें, आणि 'टिंगे' हें उत्तर येतें कीं काय तें पाहावें.

यांत आणखी एक मौज आहे. इंग्रजी बोलणारें मूल आरंभीं 'वेंट' हें रूप शुद्ध बोलतें आणि पुढें कांहीं दिवसांनीं 'गोएड' असें अशुद्ध म्हणूं लागतें. आईबापांना वाटतें, मूल मागें पडलें. वस्तुतः तें पुढें गेलेलें असतें: पहिलें रूप पाठ केलेलें होतें, दुसरें त्यानें स्वतः घडविलें. पुढें यथाकाल 'वेंट' परत येतें. ८३ मुलांच्या बोलण्याच्या नोंदी तपासून १९९२ सालीं प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत असें आढळलें कीं, जेथें असें अनियमित रूप हवें असतें तेथें ही चूक सामान्यतः शंभरांत दोन-तीन वेळांच होते. अर्थात् चिंतेचें कारण नाहीं.

आतां आत्याबाईंच्या दुरुस्तीविषयीं. रॉजर ब्राउन व कॅमिल हॅन्लन यांनीं १९७० सालीं दाखविलें कीं, आईबाप मुलाच्या व्याकरणाकडे फारसें पाहत नाहींत. तें बोललें तें खरें कीं खोटें, इकडे त्यांचें लक्ष असतें. चहा खरोखरच बाबांनीं केलेला असेल, तर आई सहज म्हणते, 'हो, बाबांनीं चहा केला. गरम आहे हं!' यांत शुद्ध रूप कानीं पडलें, आणि गप्पाहि तुटल्या नाहींत. माझ्या मतें आत्यापेक्षां आई श्रेष्ठ शिक्षक आहे.

मोठ्या वयांत परकी भाषा शिकणारा मनुष्य काय करतो? त्याच्या कानावर आधींच एक भाषा स्वार झालेली असते. कॅनडांत वर्कर व टीस यांनीं १९८४ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, इंग्रजी घरांतील सहा ते आठ महिन्यांचीं बालकें हिंदींतील 'ट' आणि 'त' यांतील भेद ओळखीत. दहा-बारा महिन्यांचीं होतांच त्यांतील बहुतेकांची ही शक्ति ओसरलेली दिसली. आपल्या भाषेला न लागणारे भेद कान वर्षाच्या आंतच सोडून देऊं लागतो. म्हणूनच उच्चारांत प्रौढ मनुष्य सहसा मागें पडतो.

पण एवढ्यावरून 'लहानपणीं शिकलें तरच येतें' असें म्हणून तिसऱ्या वर्षीं मुलाशीं घरांत मोडकें इंग्रजी बोलूं लागणाऱ्या पालकांनीं हुरळून जाऊं नये. हॉलंडांत राहावयास आलेल्या इंग्रजीभाषी लोकांची डच भाषेंतील प्रगति स्नो व होफ्नागेल-होले यांनीं तपासली. १९७८ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणींत पहिल्या कांहीं महिन्यांत बारा ते पंधरा वर्षांचीं मुलें आणि प्रौढ हेच सर्वांत वेगानें पुढें गेले. तीन ते पांच वर्षांचीं मुलें सर्वांच्या मागें होतीं. लहानांचा लाभ दिसूं लागतो तो पुष्कळ वर्षांच्या सहवासानंतर. तो सहवासहि जिवंत माणसाचा हवा. अमेरिकन तान्ह्यांना चिनी भाषा ऐकविण्याचा एक प्रयोग २००३ सालीं प्रसिद्ध झाला. समोर बसून खेळविणाऱ्या माणसांकडून तीं बालकें चिनी ध्वनि शिकलीं. तींच माणसें पडद्यावर दाखविलीं, किंवा नुसता त्यांचा आवाज ऐकविला, तेव्हां कांहींच शिकलीं नाहींत. नभोवाणीवरून हें सांगतांना मला थोडें अवघडल्यासारखें होत आहे.

प्रौढाच्या चुकांतहि व्याकरण असतें. पिट कॉर्डर यांनीं १९६७ सालीं हें आग्रहानें मांडलें, आणि लॅरी सेलिंकर यांनीं १९७२ सालीं त्या मधल्या अवस्थेला निराळें नांवच दिलें; मराठींत तिला 'अंतर्भाषा' म्हणतां येईल. ती धड पहिली भाषा नव्हे, धड दुसरीहि नव्हे. पण तिचे नियम असतात. मुंबईंत आलेला हिंदीभाषी गृहस्थ 'माझा घर' म्हणतो, कारण हिंदींत नपुंसकलिंग नाहीं आणि तेथें घर पुल्लिंगी आहे. आपण हिंदी बोलतांना 'मैंने किया' या ठिकाणीं 'मैं किया' म्हणतों, कारण मराठींतील 'मी केलें' मध्यें 'मी'ला प्रत्यय दिसत नाहीं. दोघेहि आपल्या घरच्या नियमानेंच चालतात.

येथें आपल्या वागण्याविषयीं स्पष्ट बोललें पाहिजे. परप्रांतीय मराठी शिकत नाहींत, ही तक्रार आपण नित्य ऐकतों. पण कोणी धीर करून 'माझा घर तिसऱ्या मजल्यावर आहे' असें म्हणाला, कीं आपण एक तर हंसतों, किंवा सौजन्य म्हणून लगेच हिंदींत उत्तर देतों. लहान मूल अशा हंसण्याला भीत नाहीं. मोठा मनुष्य मात्र दुसऱ्या दिवसापासून तोंड मिटतो. त्याच्या कानांवर 'घर' हा शब्द 'तें'च्या सोबतीनें शेंकडों वेळां पडावयास हवा, आणि तो पडणार तो आपल्याच तोंडून. त्याला व्याकरण सांगत बसण्याची गरज नाहीं. 'असें का? तुमचें घर तिसऱ्या मजल्यावर आहे, आणि आमचें पहिल्या. पायऱ्या चढून दमत असाल!' एवढें मराठींत म्हणावें, आणि तो काय उत्तर देतो तें शांतपणें ऐकावें.