व्याध मोठा की अगस्ती?
दिघीच्या धक्क्यावर जवळचा कंदील पलीकडच्या आगरदांड्याच्या दिव्यापेक्षा झगझगीत दिसतो. म्हणून काही तो मोठा ठरत नाही. अंतर ठाऊक असतं ना! आकाशाकडे बघताना मात्र हे विसरतो.

हिवाळ्यात दक्षिणेला व्याध आणि त्याच्या खाली अगस्ती दिसतो. व्याध जास्त ठळक. आपल्यापर्यंत पोचणारा प्रकाश म्हणजे तेजस्विता. तारा दर सेकंदाला एकूण जेवढी ऊर्जा बाहेर टाकतो, ती दीप्ती. अंतर दुप्पट झालं, की तेजस्विता चौथाई होते. दीप्ती तेवढीच राहते. व्याध ८.६ प्रकाशवर्षांवर, अगस्ती सुमारे ३१०. हिशेब केला तर व्याधाची दीप्ती सुमारे २५ सूर्यांएवढी, अगस्तीची १०,००० हून अधिक! डोळ्याला अंतर कळत नाही. ते वेगळं मोजावं, मगच लहानमोठं ठरवावं.