पेटला डॉक्टरकडे नेताय? आधी फोनमध्ये १५ सेकंदांचा व्हिडिओ घ्या

घरात कुत्रा किंवा मांजर असेल तर हा प्रकार तुम्ही पाहिलाच असेल. रात्रभर लंगडणारा कुत्रा दवाखान्यात शिरला की एकदम ठणठणीत! नवी जागा, इतर कुत्र्यांचा वास आणि भीती यामुळे दुखणं काही वेळ झाकलं जातं. मांजर तर आजार लपवण्यात पटाईतच. डॉक्टर विचारतात, "नेमकं काय होतंय?" आणि आपण टेबलासमोर उभं राहून त्याच्या खोकल्याची नक्कल करतो.

त्यापेक्षा घरीच रेकॉर्ड करा. फोन आडवा धरा, फ्लॅश बंद ठेवा, टीव्ही-पंख्याचा आवाज थांबवा. खोकल्यात आवाज फार महत्त्वाचा असतो. दम्याचा त्रास असलेलं मांजर मान पुढे ताणून खोकतं आणि घरच्यांना वाटतं, केसांचा गोळा अडकलाय. दोन्हींवरचे उपचार वेगळे, आणि हा फरक सांगून कळत नाही, बघून कळतो. लंगडण्यासाठी कुत्र्याला सरळ चालवत बाजूने आणि मागून शूट करा. इथे स्लो मोशन खरंच कामाला येतं, नाहीतर ते रील्सपुरतंच उरलंय!

झटका आला तर आधी आजूबाजूच्या वस्तू बाजूला करा, तोंडात हात घालू नका, मग रेकॉर्डिंग सुरू करा. झटका किती वेळ चालला हे व्हिडिओवरून कळतं. घाबरल्यावर आपल्याला एक मिनिटसुद्धा दहा मिनिटांसारखं वाटतं. पाच मिनिटांच्या वर गेला तर लगेच दवाखाना गाठा.

श्वासही मोजता येतो. पेट गाढ झोपलेलं असताना छातीचा ३० सेकंदांचा व्हिडिओ घ्या. छाती वर जाऊन खाली आली की एक श्वास. आलेला आकडा दुप्पट करा. झोपेत तो साधारणपणे मिनिटाला ३० च्या आत असतो. वारंवार जास्त येत असेल तर डॉक्टरांना दाखवा.

उलटी, शी, औषधाची स्ट्रिप, जे खाल्लं त्याचं पाकीट, सगळ्याचे फोटो काढा. किळस वाटेल, पण उंदराचं औषध खाल्लं असेल तर पाकिटावरचं नाव पाहून उपचार ठरतो.

पाठवताना एक गोष्ट लक्षात ठेवा. व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीसारखा फोटो पाठवला की तो कॉम्प्रेस होतो आणि कधी काढला ही माहितीही त्यातून निघून जाते. म्हणून एक्स-रे किंवा रिपोर्ट 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा.

आता जिथे फोन बाजूला ठेवायचा ते. बोका पुन्हा पुन्हा लघवीला बसतोय, ओरडतोय, पण थेंबही येत नाही? बऱ्याच जणांना ही बद्धकोष्ठता वाटते. मूत्रमार्ग बंद झाला असेल तर एक-दोन दिवसांत त्याचा जीव जाऊ शकतो. रात्रीचे दोन वाजले असले तरी निघा, फक्त निघताना दवाखाना उघडा आहे का ते फोन करून विचारा, मॅपवरच्या वेळेवर विसंबू नका. मांजर तोंड उघडून धापा टाकत असेल तरीही हेच.

आणि सर्च करून किंवा चॅटबॉटला विचारून घरातली गोळी देऊ नका. आपली साधी पॅरासिटामॉल मांजरासाठी विष आहे, एक गोळीसुद्धा जीवघेणी ठरू शकते. चुकून दिली गेली असेल तर लाजू नका, किती वाजता आणि किती मिलिग्रॅमची दिली ते स्पष्ट सांगा.

घरी आल्यावर लसीकरणाच्या कार्डाचा फोटो वेगळ्या अल्बममध्ये टाका आणि कार्डावर लिहिलेल्या रेबीजच्या पुढच्या डोसची तारीख कॅलेंडरमध्ये सेव्ह करा. रिमाइंडर आठवडाभर आधीचा लावा, कारण रविवारी दवाखान्यात रांग मोठी असते.