कळी: शब्द एक की तीन?

मागच्या भागात मी एक वाक्य बोललो होतो, "पाणी हाच इथला कळीचा मुद्दा आहे." नंतर गंमत म्हणून तेच वाक्य फोनमधल्या भाषांतराच्या अ‍ॅपमध्ये टाकलं. इंग्रजीत जे उत्तर आलं त्याचा अर्थ होत होता, 'पाणी हा फुलाच्या कळीचा प्रश्न आहे'! आधी हसू आलं. मग वाटलं, अ‍ॅपला का हसायचं? मुद्द्याचा आणि कळीचा संबंध काय, हे मला तरी कुठे माहीत होतं? म्हणून आजच्या भागाचा शब्द आहे 'कळी'.

सुरुवात फुलापासूनच करू. कळी म्हणजे न उमललेलं फूल, हे सगळ्यांना माहीत आहे. पण मोगऱ्याचा गजरा सकाळी घ्याल तर नीट बघा, त्यात बहुतेक कळ्याच असतात. मोगरा संध्याकाळकडे उमलतो, म्हणून तो पहाटे मिटलेला असतानाच तोडतात. सकाळी माळलेला गजरा रात्री जास्त घमघमतो, तो यामुळेच.

मिटलेलं हळूहळू उघडणं, यातूनच 'कळी खुलणे' आलं. रुसून बसलेल्या भाचीला आईस्क्रीम दाखवलं की तिची कळी खुलते. इथे फूल नाही, चेहरा आहे.

कळीचा आकारही भाषेनं उचलला. सरळ, टोकदार नाक म्हणजे चाफेकळी नाक. शिंप्याकडे गेलात तर कुर्त्याच्या 'कळ्या' ऐकू येतील, म्हणजे वर अरुंद आणि खाली रुंद कापलेले कापडाचे तुकडे. ते जोडले की घेर येतो. अनारकली ड्रेसच्या तर नावातच कळी आहे. अनार म्हणजे डाळिंब, आणि अनारकली म्हणजे डाळिंबाची कळी. लग्नाच्या स्वयंपाकात आचारी झाऱ्यातून बेसनाच्या कळ्या पाडतो, पाकात घालतो आणि कळीचे लाडू वळतो.

आणखी एक वापर जरा जपून लक्षात ठेवा: कळीचा चुना. चुनखडी भाजून केलेला, अजून पाणी न लागलेला चुना. पाणी पडलं की हे खडे तापतात, तडकतात आणि त्यांची भुकटी होते. डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते. इथली कळी अजिबात नाजूक नाही!

आता आपला मुद्दा. 'कळीचा मुद्दा' यात फूल नाहीच. इथला मूळ शब्द आहे 'कळ'. कळ म्हणजे यंत्र चालू करायची किल्ली किंवा बटण. "कळ दाबली की दिवा लागतो" यातली कळ. तुम्ही ज्यावर टाईप करता त्या कीबोर्डला मराठीत कळफलक म्हणतात, तो याच कळीवरून. जो मुद्दा सुटला की बाकीचं सगळं हलायला लागतं, तो कळीचा मुद्दा.

आणि 'कळीचा नारद'? तिथे तिसराच शब्द आहे. संस्कृतात 'कलि' म्हणजे भांडण. कलियुगातला कलि तोच. प्राचीन काळी फाशांच्या खेळात हरणाऱ्या दानालाही कलि म्हणत. कथांमध्ये नारदमुनी इकडची गोष्ट तिकडे करून भांडण लावून देतात, म्हणून कळीचा नारद. आपण 'कळ लावतो' किंवा कुणाला 'कळलाव्या' म्हणतो, तेही याच घरातले शब्द.

मग गोंधळ का होतो? व्याकरणामुळे. कळ या शब्दाला 'चा' लावला की कळीचा, आणि कळी या शब्दाला लावला तरीही कळीचाच. दोन्ही रूपं सारखी दिसतात. त्यामुळे अर्थ शेजारच्या शब्दावरून ठरतो. पुढे लाडू आहे, मुद्दा आहे की नारद, ते ऐकायचं. मराठी माणूस हे नकळत करतो, अ‍ॅप तिथेच चुकतं.

आता जरा गंभीर. बातम्यांमध्ये आणि घोषवाक्यांमध्ये मुलींना कळी म्हणायची आपल्याकडे सवय आहे. 'उमलण्याआधीच कळी खुडली', 'कळी उमलू द्या'. हेतू चांगला असतो, मान्य. पण 'कळी खुडली' या वाक्यात कुणी खुडली, ते येतच नाही. 2001 च्या जनगणनेत महाराष्ट्रात शून्य ते सहा वयोगटात हजार मुलांमागे 913 मुली होत्या. 2011 मध्ये 894. आणि गर्भलिंगनिदानावर राज्यात 1988 पासून, देशात 1994 पासून कायदा आहे! कळी आपोआप कोमेजू शकते. मुली आपोआप कमी होत नाहीत. कुणीतरी तपासणी करून घेतं, कुणीतरी ती करतं, आणि घरातले बाकीचे गप्प बसतात.

म्हणून माझं म्हणणं इतकंच, की गजऱ्याला, कुर्त्याला, लाडवाला कळी खुशाल म्हणा. पण मुलीबद्दलची बातमी सांगताना, शेअर करताना मुलगी म्हणा आणि कुणी काय केलं तेही सांगा. फुलाचा शब्द वापरला की ऐकणाऱ्याला वाईट वाटतं, पण जबाबदार कोण ते कळत नाही. आणि कळीचा मुद्दा तोच आहे.

तुमच्या गावाकडे कळी हा शब्द आणखी कशासाठी वापरतात? आजी-आजोबांना विचारा, त्यांच्याच आवाजात रेकॉर्ड करून पाठवा. पुढच्या भागात ऐकवू. भेटूया!