पोटाला कात्री, साखरेला लगाम

फराळाचे ताट पुढे आले असता मधुमेहाचा विषय काढणे हा अरसिकपणाच! पण गिरगाव-दादरकडे करंजीकडे आशाळभूतपणे पाहणारा एखादा मधुमेही नाही, असे घर आज विरळाच. त्याच्याच कामाची ही हकिकत.

२०१७ साली चर्नी रोड स्टेशनासमोरच्या सैफी रुग्णालयात इजिप्तहून एका महिलेला आणण्यात आले. तिचे वजन सुमारे ५०० किलो असल्याचे सांगितले गेले आणि साऱ्या जगाचे लक्ष गिरगावाकडे लागले. मार्च महिन्यात डॉ. मुफज्जल लकडावाला यांनी तिच्या जठराचा मोठा भाग कापून काढला. पुढे अबू धाबीत उपचार चालू असताना त्याच वर्षी ती वारली. सगळी चर्चा झाली ती किलोंची. अशा शस्त्रक्रियेने मधुमेहीची साखरही उतरते, ही गोष्ट मागेच राहिली.

अमेरिकन सर्जन वॉल्टर पोरीस यांनी १९९५ साली आपल्या रुग्णांचा हिशेब मांडला, तेव्हा भल्याभल्यांनी तोंडात बोट घातले. १४६ मधुमेहींपैकी १२१ जणांची साखर बायपास शस्त्रक्रियेनंतर ताळ्यावर आली होती. आणि तीही पुष्कळदा वजन फारसे उतरण्यापूर्वी, काही दिवसांतच! हे घडते कसे? या शस्त्रक्रियेत जठराची लहानशी पिशवी करून ती आतड्याच्या पुढच्या भागास जोडतात. अन्न तेथे लवकर पोचले, की आतड्यातून जीएलपी-१ हे संप्रेरक अधिक पाझरते आणि स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडावयास लावते. आहार एकदम घटल्याने यकृतातील चरबीही झडते.

"पण मी कुठे एवढा लठ्ठ आहे?" असे कुणी म्हणेल. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली स्वतःची तुलना एका इंग्रज सहकाऱ्याशी प्रसिद्ध केली. उंची-वजनाचे प्रमाण, म्हणजे बीएमआय, दोघांचा सारखाच. पण अंगातील चरबी इंग्रजाची ९ टक्के, तर याज्ञिकांची २१! आपली चरबी अशी छुपी असते. २०१६ सालच्या आंतरराष्ट्रीय शिफारशींत आशियाई लोकांसाठी मर्यादा बीएमआय २७.५ पर्यंत खाली आणली गेली. पाच फूट पाच इंच उंचीला हे वजन सुमारे ७५ किलो होते. औषधांनी साखर आटोक्यात येत नसेल, तर एवढ्या वजनालाही शस्त्रक्रियेचा विचार करता येतो.

मात्र ही जादूची कांडी नव्हे. अमेरिकेतील क्लीव्हलंडच्या चाचणीत पाच वर्षांनंतर तीन महिन्यांची सरासरी साखर, म्हणजे एचबीए१सी, सहा किंवा त्याखाली राखणारे बायपासवाले शंभरात २९ निघाले. केवळ औषधांवर राहिलेले ५. फरक मोठा खरा, पण सगळेच काही सुटले नाहीत. शस्त्रक्रियेनंतर इन्शुलिनचा डोस डॉक्टरांकडून लगेच कमी करून घ्यावा लागतो, नाहीतर साखर धोकादायक खाली जाते. ब-१२, लोह यांच्या गोळ्या आणि तपासण्या जन्मभर चालतात. बायपासनंतर भरपूर गोड खाल्ले, तर घाम सुटून छाती धडधडू लागते.

मधुमेह जुना आणि स्वादुपिंड थकलेले असेल, तर लाभ कमी होतो. तेव्हा सर्जनपुढे बसल्यावर "किती किलो उतरतील?" एवढेच विचारू नका. "माझे स्वादुपिंड अजून किती काम करते?" हेही विचारा. सी-पेप्टाइड नावाच्या रक्ततपासणीने त्याचा अंदाज येतो.